हातातला फोन आणि हातातलं काम

(नॉर्थ यॉर्क येथे आपल्या मंदिराच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या टोरोंटोत अनेक वर्षे परिचारिका होत्या व आता निवृत्त आहेत. त्यांच्या इच्छेवरून नाव छापलेले नाही. भाषणाच्या शेवटी दिलेले आवाहन सर्वांनी अवश्य वाचावे. – संपादक मंडळ)



गेल्या महिन्यात प्रसादाच्या रांगेत एक काका मला म्हणाले, “ताई, तुम्ही नर्स होतात म्हणून विचारतो. परवा तीन दिवस हॉस्पिटलात होतो. जी ती पोरगी येते आणि फोनमध्ये डोकं घालते. तुमच्या वेळी असं होतं का?” तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि उत्तर राहून गेलं. ते आज देते. काका इथेच बसले आहेत, पण मी त्यांच्याकडे बघणार नाही. (हशा)

काका, तुमची तक्रार खोटी नाही. पण नर्सच्या हातातल्या फोनमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, रुग्णाचं काम. दुसरं, तिचं स्वतःचं घर. आणि तिसरा निव्वळ चाळा. खाटेवरून बघणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात. दिसते ती खाली घातलेली मान. आत काय चाललंय ते दिसत नाही.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. विल्सन अव्हेन्यूवरचं हंबर रिव्हर हॉस्पिटल २०१५ साली उघडलं, तेव्हा उत्तर अमेरिकेतलं पहिलं पूर्ण डिजिटल हॉस्पिटल म्हणून त्याचं नाव झालं. आता बहुतेक हॉस्पिटलांची वाटचाल त्याच दिशेने आहे. रुग्णाने घंटा दाबली, रक्ताचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी औषध बदललं, की निरोप नर्सच्या हातातल्या यंत्रावर येतो. तेव्हा तुमच्या खाटेशी उभं राहून ती खाली बघत असेल, तर कदाचित तुमचंच पोटॅशियम बघत असेल. कोविडच्या दिवसांत भेटायला येण्यावर बंदी होती. हातमोजे घातलेल्या हातांनी टॅबलेट धरून मी मरणाच्या दारातल्या माणसांना त्यांच्या मुलांची तोंडं दाखवली आहेत. त्या यंत्राला मी सरसकट वाईट म्हणू शकत नाही.

पण ते सरसकट चांगलंही नाही. टोरोंटोच्याच शिकाऊ डॉक्टरांच्या हॉस्पिटलांतला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वॉर्डातल्या डॉक्टरांना ब्लॅकबेरी दिले होते आणि नर्सेसनी त्यांवर निरोप पाठवायचे होते. नर्सेसचं काम सुकर झालं, डॉक्टरांना शोधत फिरणं वाचलं. मात्र डॉक्टरांच्या कामात खंड पडण्याचं प्रमाण वाढलं. काय तातडीचं आणि काय नाही, यावर दोघांचं जमेना. समोरासमोर बोलणं कमी झालं आणि आपसातला जिव्हाळाही उणावला. म्हणजे एकाच फोनने एकाची सोय झाली आणि दुसऱ्याचं लक्ष मोडलं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ही मी आजवर कुणाला फारशी सांगितलेली नाही.

मी मूळची मिरजेची. डॉक्टरांचं गाव म्हणून मिरज तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथलं मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉक्टर वॉनलेस जन्माने ओंटारिओचे. ते इकडून तिकडे गेले, मी तिकडून इकडे आले. आई मात्र मिरजेतच राहिली.

२०१५ च्या हिवाळ्यातली रात्रपाळी. कुठल्या हॉस्पिटलात, ते सांगत नाही. नळीतून अन्न चालू असलेल्या एका आजोबांना रात्री बाराचं इन्सुलिन द्यायचं होतं, आठ युनिट. मी सिरिंज भरत होते आणि खिशात फोन थरथरला. मी तो बाहेर काढला नाही, बघितलाही नाही. पण मनात आलं, इथे बारा म्हणजे मिरजेत साडेदहा. आईचा असणार. बाबांना काही झालं का? तेवढाच एक क्षण. इन्सुलिन दोन नर्सेसनी तपासायचं, असा आमचा नियम होता. माझ्या फिलिपिनो सहकारिणीने सिरिंज दिव्याकडे धरली आणि माझ्याकडे बघितलं. आठच्या जागी मी अठरा भरलं होतं.

आजोबांना काही झालं नाही, कारण ते त्यांच्या अंगात गेलंच नाही. मी ती चूक रीतसर नोंदवली. पहाटे चहाच्या वेळी फोन उघडला. आईने गणपतीचं चित्र पाठवलं होतं आणि खाली ‘सुप्रभात’ लिहिलं होतं.

त्या रात्रीनंतर मी खिशात छोटी वही ठेवू लागले. ड्यूटीवर खिशात फोन थरथरला की एक रेघ मारायची. पहिल्या रात्री पान भरलं. कामाच्या रेघा बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या मिरजेच्या, पुण्याच्या, नात्यातल्या ग्रुपच्या, मुलीच्या शाळेच्या. माझं वाचणं त्यात धरलेलंच नव्हतं, ही फक्त थरथर होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, तो मी नंतर वाचला. एकाग्रतेचं काम करणाऱ्यांच्या फोनवर सूचना आली, तर त्यांनी फोन हातात घेतला नाही तरी त्यांच्या चुका वाढल्या. माझ्या सिरिंजचं उत्तर मला तिथे मिळालं.

अभ्यासकही माझ्या वहीसारखंच मोजतात, फक्त अधिक शिस्तीने. त्याच्या मुख्य तीन रीती आहेत. त्या तुम्हाला सांगते, कारण पेपरात ‘इतके टक्के नर्सेस फोनच्या आहारी’ असं वाचलंत, तर काय विचारायचं ते कळेल.

पहिली रीत, माणसालाच विचारायचं. दक्षिण कोरियात २०१३ साली दहा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली. ती आज जगभर वापरतात, नर्सेस आणि डॉक्टरांसाठीसुद्धा. फोनपायी ठरलेलं काम राहतं का, मन लागत नाही का, मनगट किंवा मान दुखते का, फोन जवळ नसला तर जीव कासावीस होतो का, अशा धाटणीचे प्रश्न. प्रत्येकाला एक ते सहा गुण. म्हणजे कमीत कमी १०, जास्तीत जास्त ६०. आता गंमत बघा. ही मोजपट्टी मुळात किशोरवयीन मुलामुलींवर पारखलेली आहे. रुग्णाला कूस बदलून देऊन जिचं मनगट दुखतं, तिनं त्या प्रश्नाला काय गुण द्यायचे? जिला कामासाठीच फोन जवळ ठेवावा लागतो, तिचा जीव फोनवाचून कासावीस होणारच. त्यात व्यसन किती आणि नोकरी किती, हे ती पट्टी सांगू शकत नाही. शिवाय व्हिडिओ गेमचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, पण स्मार्टफोनचं व्यसन असा वेगळा आजार त्या यादीत नाही. जास्त गुण म्हणजे सावधगिरीची सूचना, रोगाचं निदान नव्हे.

दुसरी रीत, फोनलाच विचारायचं. २०१८ पासून आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडमध्येही स्क्रीन टाइम दाखवायची सोय आली. किती तास, कुठलं ॲप, किती वेळा उचलला, सगळं तिथे असतं. अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २०२१ साली प्रसिद्ध झाली. माणसं सांगतात तो वेळ आणि फोनने नोंदलेला वेळ यांचा मेळ जेमतेमच बसतो, असं तिच्यात निघालं. आज घरी गेल्यावर आधी मनाशी अंदाज करा, मग फोनमध्ये बघा. मी केलं होतं. फोनचं म्हणणं माझ्याहून बरंच वेगळं होतं.

तिसरी रीत सगळ्यांत कष्टाची. कामाच्या जागी उभं राहून बघायचं आणि लिहायचं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत अभ्यासकांनी ९८ नर्सेसच्या सोबत राहून ४,२७१ वेळा औषध देताना बघितलं. निष्कर्ष २०१० साली छापून आले. औषध देताना मध्ये खंड पडला, की दर खंडामागे औषधाच्या चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. एकदाही खंड नसताना मोठी चूक होण्याचा धोका २.३ टक्के, आणि चार खंड पडले तर ४.७ टक्के, म्हणजे दुप्पट. यात फक्त फोन नव्हता. कुणी हाक मारली, कुणी नातेवाईक आला, सगळं धरलं होतं. फोन हा त्या खंडांतला एक. पण तो खिशातच असतो आणि त्याला दार नाही.

कबुलीजबाबही आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात, ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांना २०१० साली नाव न घेता विचारलं. यंत्र चालू असताना फोन वापरल्याचं अर्ध्याहून अधिक जणांनी मान्य केलं. आणि बहुतेकांनी असंही सांगितलं, की यात रुग्णाला धोका असू शकतो. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलातला अभ्यास २०१२ चा. राउंडच्या वेळी स्मार्टफोनमुळे आपलं महत्त्वाच्या माहितीकडे दुर्लक्ष झालं, असं १९ टक्के निवासी डॉक्टरांनी आणि १२ टक्के वरिष्ठांनी स्वतःहून सांगितलं. कळतं, पण वळत नाही, ही आपली म्हण डॉक्टरांनाही लागू आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. फोन जास्त वापरणाऱ्या नर्सेसची झोप कमी आणि थकवा जास्त, असं अभ्यासात दिसतं. पण झोप नाही म्हणून फोन, की फोन म्हणून झोप नाही? रात्रपाळी संपवून सकाळी आठला घरी आलेल्या बाईला झोप येत नाही, म्हणून ती अंथरुणात फोन उघडते. एकदाच प्रश्न विचारून कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे ठरत नाही. त्यासाठी त्याच माणसांना महिनोन्‌महिने मोजावं लागतं.

आता घरी येणाऱ्या मुलींबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे पी.एस.डब्ल्यू. येते. आल्याबरोबर ती फोनवर काहीतरी करते, जाताना पुन्हा करते. बऱ्याच ठिकाणी ती हजेरी असते. पुढचं घर, पत्ता, वेळेतला बदल, सगळं तिच्या फोनवरच येतं. तिला फोनपासून तोडा, तर तिची नोकरीच तुटेल.

हे आपल्या महाराष्ट्रातही झालं. गावोगावच्या अंगणवाडी सेविका बाळांची वजनं आणि आहाराच्या नोंदी करतात. त्यांना सरकारी फोन मिळाले, त्यांत नोंदी भरायच्या. फोन तापायचे, बंद पडायचे, आणि पोषणाच्या नोंदीचं नवं ॲप इंग्रजीत. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. बाळाकडे बघायचं की पडद्याकडे, असाच तो पेच होता. म्हणून ‘आजकालच्या नर्सेस फोनमध्येच’ असं म्हणण्याआधी, तो फोन तिच्या हातात कुणी दिला, तेही विचारायला हवं.

ओंटारिओत याचा थोडा विचार झाला आहे. २५ किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर कामाची वेळ संपल्यावर कामापासून अलग होण्याबद्दल लेखी धोरण ठेवणं मालकाला २०२२ पासून बंधनकारक आहे. धोरण कागदावर आलं म्हणजे रात्रीचे निरोप थांबतातच असं नाही. पण तुमच्या मुलीला, सुनेला ते धोरण मागून वाचायचा हक्क आहे, एवढं तिला सांगा.

आणि आता आपली पाळी. आज इथे बसलेल्यांपैकी किती जणांची मुलगी, सून, मुलगा, नातू आरोग्यसेवेत आहे? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. मग त्यांच्या खिशातली थरथर कोण आहे? मिरजेतली माझी आई होती. नॉर्थ यॉर्कमधल्या अशा थरथरी आज इथेच बसल्या आहेत. (हशा)

मी दोष देत नाही. दुपारी तीन वाजता घर रिकामं असतं, बाहेर बर्फ असतं, कुणाशी बोलायचं? बोट आपोआप मुलीच्या नावावर जातं. तो फोन प्रेमाचाच असतो. पण पलीकडे कुणाच्या तरी आजोबांचं इन्सुलिन भरलं जात असतं.

माझ्याच सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव हे छोटं गाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. सक्तीपेक्षा गावाने मिळून ठरवलं, हे महत्त्वाचं. आपणही मिळून काही ठरवू शकतो. माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली. आपल्या माणसाचे ड्यूटीचे तास विचारून घ्या आणि फ्रिजवर लावा. त्या वेळात फोन नाही, फॉरवर्ड नाही. सुप्रभात संध्याकाळी पाठवलं तरी देव रागावणार नाही.

दुसरी. खरीच तातडी असेल तर वॉर्डाच्या टेबलावरच्या नंबरवर फोन करा, पूर्वी करायचो तसा. तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. शिवाय फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असताना त्याच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला, तर वाजू देण्याची सोय असते. ती मुलांकडून लावून घ्या. म्हणजे त्यांचाही जीव टांगणीला नको आणि तुमचाही.

तिसरी. हॉस्पिटलात औषध देताना नर्सशी बोलू नका आणि आपल्या नातेवाइकांनाही बोलू देऊ नका. दोन मिनिटं शांत राहणं हीसुद्धा तुमच्या औषधाचाच भाग आहे. आणि ती औषध देताना खरंच फोनवर मजकूर लिहीत असेल, तर घाबरू नका. प्रेमाने म्हणा, “बेटा, आधी ते संपव, मग माझं औषध दे.” बहुतेकींना लाज वाटते आणि फोन खिशात जातो. एरवी फोन बघत असेल तर विचारा, “माझा रिपोर्ट आला का?” तो कामाचा फोन असेल, तर ती तुम्हाला दाखवेल.

चौथी. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला ‘दिवसभर झोपते आणि फोन बघते’ असं म्हणण्याआधी तिच्या खोलीचा पडदा ओढा, आणि घरातली भांडी हळू वाजवा. तिची झोप म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी सुरक्षितता आहे.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या वेळीही लक्ष मोडत होतं. टेबलावरचा फोन होता, हाका होत्या, गप्पा होत्या. पण ते सगळं बाहेर असायचं. आता ते खिशात आलं आहे. त्यातलं किती हॉस्पिटलने घातलं, किती तिनं स्वतः घातलं आणि किती आपण, हे मोजल्याशिवाय कुणाला दोष देता येणार नाही. आपला वाटा मात्र आपण आजच कमी करू शकतो.

आईला त्या रात्रीची गोष्ट मी कधीच सांगितली नाही. सांगितली असती, तर तिनं पुन्हा फोन हातात घेतला नसता, आणि तेही मला नको होतं. आता ती नाही. माझा फोन रात्री बारा वाजता थरथरत नाही. चूक तिची नव्हती. माझी ड्यूटी केव्हा असते, हे तिला मी कधी लिहूनच दिलं नव्हतं. तेवढा एक कागद हवा होता.

 

आवाहन

वरील भाषणानंतर सभासदांच्या सूचनेवरून पुढील गोष्टी ठरल्या आहेत.

१. ड्यूटीचे तास व वॉर्डाचा नंबर लिहिण्यासाठी मोठ्या अक्षरांतील कोरी कार्डे मंदिराच्या कार्यालयात विनामूल्य ठेवली आहेत. प्रत्येक कुटुंबाने एक न्यावे.

२. मुले कामावर असताना एकट्या असणाऱ्या ज्येष्ठांशी दुपारच्या वेळी फोनवर बोलण्यासाठी सेवेकरी हवे आहेत. आठवड्यातून दोन तास दिले तरी पुरे. ज्यांना असा फोन यावा असे वाटते, त्यांनीही संकोच न करता नाव द्यावे.

३. हॉस्पिटलात एकट्या जाणाऱ्या ज्येष्ठांना ने-आण करण्यासाठी व गरजू सभासदांच्या औषधखर्चासाठी वैद्यकीय साहाय्य निधीस यथाशक्ती मदत करावी. लहान रकमेचाही आदराने स्वीकार केला जाईल. देणगीची पावती कार्यालयातून मिळेल.

४. आरतीच्या वेळी फोन ठेवण्यासाठी दाराशी लाकडी पेटी ठेवली आहे. आरोग्यसेवेत ड्यूटीवर असणाऱ्यांनी आपला फोन जवळ ठेवण्यास हरकत नाही.

– विश्वस्त मंडळ